हातीं आलेली आघाडी
बेसबॉलच्या लीगचें अजिंक्यपद १९६८ पर्यंत सहा महिन्यांच्या सामन्यांनीं ठरत असे. १९६४ सालीं नॅशनल लीगमध्यें फिलाडेल्फियाचा फिलीज संघ बाराच सामने उरले असतां साडेसहा सामन्यांनीं पुढें होता. २१ सप्टेंबरला सिनसिनाटीच्या चिको रुईझनें फेंकीच्या वेळींच धांव चोरली. फिलीज १-० असे हरले, आणि त्यापुढें आणखी नऊ सामने लागोपाठ गमावले. व्यवस्थापक जीन मॉक यांनीं जिम बनिंग व क्रिस शॉर्ट या गोलंदाजांना दोनच दिवसांच्या विश्रांतीनें पुनःपुन्हा उतरविलें. लोक दैवाला बोल लावतात. आमच्या मतें दोष त्या घाईचा अधिक. शेवटचे दोन सामने फिलीजनीं जिंकले खरे, परंतु अजिंक्यपद सेंट लुईस कार्डिनल्सला गेलें, तेंही अवघ्या एका सामन्याच्या फरकानें.