साथीच्या काळात मजूर कुटुंबांचे मनोबल जपा



मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. आठवडी बाजार बंद पडले, भाजीपाला व फुले शेतातच सडली. हे नुकसान डोळ्यांना दिसले. परंतु रोजच्या मजुरीवर ज्यांची चूल पेटते, त्यांच्या मनावरचा ताण दिसला नाही. अनेक ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरात अडकले. पुढे बाहेरून येणाऱ्यांच्या वाटा काही गावांनी अडवल्या. काम गेले आणि आधारही तुटला. पुन्हा साथ आली तर हे टाळता येईल, त्यासाठी तयारी आजच करावी.

लक्षणे ओळखा

झोप न लागणे, जेवण टाकणे, चिडचिड, दारू वाढणे, एकटे बसून राहणे ही लक्षणे दोन आठवडे टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. "आता जगून काय करायचे" असे कोणी बोलल्यास मात्र एक दिवसही थांबू नये.

उपाययोजना

१) सालगडी व मजुरांची झालेल्या कामाची मजुरी वेळेवर द्यावी. काम नसल्यास ग्रामपंचायतीकडे रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी करण्यास मदत करावी.

२) आजारी घराला वाळीत टाकू नये. अंतर राखून किराणा, औषधे पोचवावीत व रोज विचारपूस करावी. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने असे विचार वाढत नाहीत, मन हलके होते.

३) कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवावीत, किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. आत्महत्येचा विचार पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. त्या वेळी विष हाताशी नसले तर जीव वाचतो. श्रीलंकेत १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर पुढील दहा वर्षांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्मे झाले.

४) विष पोटात गेल्यास उलटी करवू नये. डबा व लेबलसह रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

५) टेली-मानस ही शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

मजुराच्या घरी डॉक्टर पोचण्याआधी आपण पोचतो आणि फवारणीचे औषधही आपल्याच शेडमध्ये असते. म्हणून पहिली चौकशी आणि पहिले कुलूप, दोन्ही आपल्याकडूनच व्हावीत.