टाकी लावली, पण तपासली का?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी सातच्या सुमारास दवाखान्याचे शटर वर करीत होतो, तोच कळमनुरी तालुक्यातल्या एका खेड्याहून जीप येऊन थांबली. चाळिशीच्या एका बाईंना आणले होते. दोन्ही पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भाजलेले, उजव्या हाताचा पंजाही भाजलेला. चेहरा आणि छाती मात्र वाचलेली. भाजलेल्या जागेवर हळद आणि टूथपेस्टचा जाड लेप. सोबतचा मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गॅसचा भडका झाला."

शेगडीवर वाकलेल्या बाईला गॅसने भाजले तर बहुधा हात, छाती, चेहरा, भुवया सापडतात. इथे पायच कसे, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. जखमा धुऊन झाल्यावर विचारपूस केली तेव्हा उलगडा झाला. आदल्या रात्री टाकी संपली म्हणून मुलाने नवी लावली. स्वयंपाक झाला, शेगडीची बटणे बंद केली, पण रेग्युलेटर रात्रभर चालूच राहिला. पहाटे आंघोळीचे पाणी तापवायला बाईंनी त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातली चूल पेटवायला घेतली. काडी ओढताक्षणी जमिनीलगत जाळ पसरला. टाकीच्या तोंडातला रबरी वायसर चिरलेला होता, हे नंतर कळले.

"वास आला नाही का हो?" मी विचारले.

"चार दिवस झाले सर्दी हाय, साहेब. नाकच चोंदलंय."

हे उत्तर ऐकले आणि ठरवले की या सदरात कधीतरी गॅसवर लिहायचे. गॅस हा काही आमच्या वैद्यकाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण नाक हा आमचाच विषय आहे, आणि आपल्याकडे टाकी नीट लागली की नाही हे बहुतेक सगळे नाकानेच ठरवतात. टाकी लावायची, दोनदा हुंगायचे, वास नाही म्हणजे झाले!

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचे उग्र दर्पाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. आता हा दर्प ओळखणारे नाक पाहा. सर्दी-पडशात ते बंद. साठीनंतर वास घेण्याची शक्ती अनेकांची मंद होते, आणि ती इतकी हळू होते की त्यांना स्वतःला पत्ता नसतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे नाक बोथटते. २०२०-२१ च्या कोरोनात वास गेला तो काहींचा पुरता परत आलाच नाही. माझ्याकडेच असे रुग्ण आहेत. आणि सर्वांत फसवी गोष्ट ही की निरोगी नाकसुद्धा थकते. एखादा वास सतत येत राहिला की थोड्या वेळात तो जाणवेनासा होतो. अत्तराच्या दुकानात बसलेल्या माणसाला अत्तराचा वास येत नाही, तसेच. गळती बारीक आणि बराच वेळ चाललेली असेल, तर घरातल्या माणसांना काहीच कळत नाही आणि बाहेरून आलेला पाहुणा दारातच विचारतो, "गॅस चालू आहे का?" अशा पाहुण्याचे ऐकावे.

म्हणून नाकावर नव्हे, डोळ्यांवर भरवसा ठेवा. त्यासाठी लागते एक वाटी साबणाचे पाणी.

नवी टाकी घरी आली की आणणाऱ्याला दारातून परत जाऊ देऊ नका. त्याच्यासमोर सील काढा, दोरीची सफेद टोपी उघडा आणि टाकीच्या तोंडात डोकावून पाहा. आत काळा रबरी वायसर दिसला पाहिजे, तोही अखंड. तोंडात पाण्याचे चार थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर टोपी पुन्हा घट्ट बसवून टाकी परत करावी; यात भीड बाळगण्याचे कारण नाही. टाकीच्या वरच्या कडीला जोडलेल्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. बी-२७ असेल तर जून २०२७ पर्यंत त्या टाकीची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका.

लावण्यापूर्वी चूल, देवापुढचा दिवा, उदबत्ती, सगळे विझवा. रेग्युलेटरचे बटण बंद स्थितीत ठेवा. त्याच्या खालची प्लॅस्टिकची कडी बोटांनी वर उचलून रेग्युलेटर तोंडावर किंचित फिरवत बसवा, खाली दाबा आणि कडी सोडून पुन्हा दाबा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. मग हलकेच वर ओढून पाहा. फिरला तर हरकत नाही, पण उचलून हातात आला तर बसलेला नाही.

आता साबणाचे पाणी. शेगडीची दोन्ही बटणे बंद, रेग्युलेटर चालू. फडक्याने किंवा जुन्या ब्रशने हे पाणी रेग्युलेटर आणि टाकीच्या सांध्याला सगळीकडून लावा. मग नळीच्या दोन्ही टोकांना, सबंध नळीवर, शेगडीच्या बटणांच्या मुळाशी. मिनिटभर थांबून निरखून पाहा. ब्रशने आलेला फेस बसून जातो; गळतीचा बुडबुडा मात्र फुगत राहतो, फुटला की त्याच जागी दुसरा येतो. एवढ्याला पाच मिनिटे पुरतात. काडी पेटवून गळती शोधणारे महाभागही आहेत. त्यांच्यापुढे हात जोडतो. हवेत शंभर भागांत साधारण दोन ते नऊ भाग गॅस मिसळला की एक ठिणगी पुरते.

नळीबद्दल थोडे. आत तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळीच वापरावी. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची असते. लांबी दीड मीटरहून जास्त नको, मध्ये जोड नको, भिंतीतून नको. चिरलेल्या नळीला चिकटपट्टी गुंडाळणे म्हणजे फुटलेल्या नाडीला पोस्टाचे तिकीट लावणे! हा लेख लिहायला घेतला तेव्हा सहज म्हणून आमच्याच ओट्याखाली डोकावलो. नळीची मुदत उलटून दोन वर्षे झाली होती. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्याच दिवशी नवी आणली.

पुन्हा त्या बाईंच्या पायांकडे येतो. हा गॅस हवेपेक्षा जड, जवळजवळ दुप्पट. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, खोलगट जागी साचतो. म्हणून चुलीपर्यंत पोहोचला आणि म्हणून पाय भाजले. उंचावरच्या खिडकीचा अशा वेळी फारसा उपयोग नाही. दार उघडावे लागते. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला आणि उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तारखांचा हा योगायोग. त्या योजनेने आपल्या खेड्यापाड्यांत टाकी पोहोचली, चुलीच्या धुराने खोकणाऱ्या कित्येक बायाबापड्यांना मी बरे होताना पाहिले. पण टाकी आली तसा ओटा आला नाही. अजून अनेक घरांत शेगडी जमिनीवर टाकीला खेटून असते आणि दोन हातांवर चूल धगधगते. शेगडी टाकीच्या माथ्यापेक्षा उंच हवी. विटा रचून वर शहाबादी फरशी टाकली तरी काम भागते. टाकी नेहमी उभी, मोकळ्या जागी, आणि चूल त्या खोलीत नकोच. दुसरी जागा नसेल तर चूल पेटवण्यापूर्वी दार उघडून थोडा वेळ जाऊ द्यावा.

ज्योत निळी असावी. पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली तर बर्नर साफ करून घ्या. अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि दारेखिडक्या लावलेल्या खोलीत त्याने डोके दुखते, मळमळते, माणूस बेशुद्धही होतो. या वायूला मात्र कसलाच वास नाही.

वास आलाच तर दिव्याचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, माणसांना बाहेर काढा. मग घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो.

आणि भाजलेच, तर? लुगडे पेटले असता पळू नये, जमिनीवर आडवे होऊन लोळावे. दुसऱ्याने घोंगडे किंवा सुती चादर गुंडाळावी. विझल्यावर भाजलेल्या जागी साधे गार पाणी वीस मिनिटे सोडत राहावे. बर्फ नको. बांगड्या, जोडवी, अंगठी लगेच काढावी, कारण नंतर सूज येऊन ती अडकतात. कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. वर स्वच्छ धुतलेले फडके सैलसर टाकावे आणि १०८ ला फोन करावा. शाई, तूप, टूथपेस्ट काहीही लावू नये. वसमतची हळद देशभर जाते, तिचा मलाही अभिमान आहे, पण ती भाजीत घालावी, भाजल्यावर नव्हे. त्या बाईंच्या जखमांवरून तो लेप काढताना त्यांना जो त्रास झाला, तो भाजण्याच्या त्रासाहून कमी नव्हता.

प्रथमोपचार करून मी त्यांना नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले. डाव्या पायाला कातडी लावावी लागली. अडीच महिन्यांनी मलमपट्टीसाठी माझ्याकडे आल्या तेव्हा काठी टेकत का होईना, स्वतः चालत आल्या. टाकी आता कोण लावते, असे विचारले. "पोरगंच लावतंय," म्हणाल्या, "पण साबणाचं पाणी मी लावते."