शिवडीचा किल्ला आणि चिखलातले पाहुणे

फेब्रुवारीत मी मामाकडे माझगावला गेलो होतो. माझगाव हे मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक. मधली खाडी बुजवून पुढे सातही बेटे एक झाली. तेथील भंडारवाडा टेकडीवर इंग्रजांचा किल्ला होता. तो सिद्दीने १६९० साली पाडला. आज त्या जागी बाग आहे.

मामा म्हणाला, "किल्ला बघायचाय ना? मग शिवडीला चल." डॉकयार्ड रोडहून शिवडी हे तिसरे स्टेशन. तेथील किल्ला इंग्रजांनी १६८० च्या सुमारास बांधला. किल्ला लहानच, पण कड्यावर उभा आहे. वरून सारी खाडी दिसते. शत्रूची गलबते दिसावीत म्हणून ही जागा निवडली. आता समोर २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू दिसतो.

ओहोटी लागली तसे आम्ही बंदरावर गेलो. पाणी हटले, चिखल उघडा पडला आणि हजारो रोहित पक्षी खाली उतरले! यांनाच फ्लेमिंगो म्हणतात. पाय काठीसारखे, मान लांब, रंग गुलाबी. हा पक्षी चोच उलटी धरून चिखलपाणी आत घेतो. चोचीच्या कडेला बारीक चाळणी असते. पाणी बाहेर जाते, शेवाळ व बारीक जीव आत राहतात. त्या खाण्यातूनच त्याला गुलाबी रंग येतो. पिल्ले मात्र करडी असतात.

म्हणजे आपण ज्याला घाण म्हणतो, ते त्यांचे भरलेले ताट आहे. काठाच्या तिवरांची मुळे माती धरून ठेवतात. त्या मुळांत कोळंबी आणि मासळीची पिल्ले वाढतात.

याच खाडीचा ऐरोली ते वाशी पुलांमधला भाग २०१५ साली अभयारण्य झाला. २०२२ साली त्याचे नाव रामसर या जागतिक यादीत आले. शिवडीचा चिखल मात्र या हद्दीबाहेर आहे. तेथे भराव पडला, तर पाहुण्यांनी जेवायचे कुठे?

आपल्या तळ्याकाठची दलदलही आपण पडीक समजतो आणि केरकचरा तिथेच नेऊन टाकतो. तिथेही बगळे, पाणकोंबड्या चरतात. पालकांना माझी विनंती आहे, कचऱ्यासाठी दुसरी जागा ठरवू या.

सांगा पाहू :
१. रोहित पक्षी गुलाबी का असतो?
२. आपल्या तळ्यावर कोणकोणते पक्षी येतात? रविवारी मोजून या व फळ्यावर लिहा.