मुळांवरील गाठी व त्यांतील जिवाणू

द्विदल पिकाचा बेवड तृणधान्यास मानवतो, हे आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्याचे एक मोठे कारण मुळांवरील लहान गाठींत आहे.

जिवाणू हे एकपेशीय जीव होत. ते इतके सूक्ष्म असतात की, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. एका पेशीच्या दोन, दोहोंच्या चार, अशी त्यांची वाढ होते. काही जिवाणू रोग उत्पन्न करतात हे खरे. परंतु शेण व पालापाचोळा कुजवून त्यांतील अन्नद्रव्ये पिकास मोकळी करून देणारेही जिवाणूच होत.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असतो. तथापि कोणतेही पीक तो थेट घेऊ शकत नाही. रायझोबियम जातीचे जिवाणू द्विदल पिकाच्या मुळांत शिरले म्हणजे तेथे गाठी तयार होतात. पीक त्यांना साखर पुरविते व ते हवेतील नत्र पिकास उपयोगी अशा रूपात आणून देतात. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ साली गाठींतील हे जिवाणू वेगळे करून वाढविले.

गाठी काम करीत आहेत किंवा नाहीत, हे शेतातच पाहता येते. पीक फुलावर येण्याच्या सुमारास काही झाडे मातीसह खणून काढावीत. उपटू नयेत, कारण गाठी तुटून जमिनीत राहतात. मुळे पाण्यात हलकेच धुऊन गाठ कापावी. आतील भाग गुलाबी वा लालसर असल्यास गाठ कार्यक्षम समजावी. बहुतेक गाठी पांढऱ्या वा हिरवट असल्यास, अथवा गाठीच नसल्यास, पुढील पेरणीस जिवाणू संवर्धन अवश्य वापरावे.

संवर्धन त्या त्या पिकाचेच घ्यावे. हरभऱ्याचे सोयाबीनला चालत नाही. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवावे व लगेच पेरावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे, संवर्धन शेवटी. पाकिटावरील मुदत पाहूनच ते खरेदी करावे.

पाकिटातील जिवाणू सजीव आहेत, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांच्या मनावर ठसवावे. उन्हात ठेवलेल्या पाकिटातील जिवाणू मरतात. मग उरते ती केवळ काळी भुकटी, आणि तिच्यावरील खर्च व्यर्थ जातो.