वेगवान गाडीचे चाक : मोठे करावे की नाही?

बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीला लागते. ते मोठे असते म्हणूनच गाडी ओढ्यातून, ढेकळांतून आणि खोल चाकोरीतून निभावून जाते. लहान चाक खड्ड्यात पडते, मोठे चाक खड्डा ओलांडते, ही गोष्ट शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. हाच नियम मनाशी धरून आजकालची तरुण मंडळी आपल्या मोटारीला मोठी चाके बसवून घेतात. गाडी देखणी दिसेल, वेगाने धावेल आणि खड्डेही सोपे जातील, असा त्यांचा हिशेब असतो. देखणेपणाबद्दल वाद नाही. बाकीच्या दोन गोष्टी मात्र तपासून पाहण्यासारख्या आहेत, आणि त्यासाठी शाळेत शिकलेले गणित व पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

उदाहरणासाठी आपण इंदूरच्या परिसरातील दोन ठिकाणे घेऊ. पहिले गौतमपुरा. सुभेदार मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गाव इंदूर जिल्ह्याच्या देपालपूर तालुक्यात आहे. माळव्याची काळी कपाशीची माती ही येथील जमीन. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ता काही वर्षांत खालीवर होतो आणि त्याच्या कडा खचतात. विजापूर, सोलापूर आणि बेळगावकडील काळ्या रानातून प्रवास करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दुसरे ठिकाण पीथमपूर. तेथे मोटारींच्या चाचणीसाठी बांधलेला ‘नॅट्रॅक्स’ हा ११.३ किलोमीटर लांबीचा लंबवर्तुळाकार मार्ग असून २९ जून २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याची वळणे अशी कलती केली आहेत की ताशी २५० किलोमीटर वेगालाही चालकाला सुकाणू ओढून धरावे लागत नाही. अशा रस्त्यावर खड्ड्याचा प्रश्नच नाही.

समजा, गौतमपुऱ्याच्या एका तरुणाने जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार विकत घेतली. तिच्या टायरवर २४५/४० आर १८ असे लिहिले आहे. ऑडी टीटीसारख्या गाड्यांना हे माप असे. गॅरेजवाला म्हणतो, “एकोणीस इंची टाका, नाहीतर वीस इंची.” या तरुणाने काय करावे?

टायरवरचे आकडे

प्रथम हे आकडे वाचायला शिकू. २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे, आणि १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे नांदतात म्हणून नवख्याचा गोंधळ होतो, एवढेच.

आता हिशेब करू. भिंतीची उंची २४५ च्या ४० टक्के, म्हणजे ९८ मि.मी. रिम १८ × २५.४ = ४५७.२ मि.मी. वर एक आणि खाली एक अशा दोन भिंती मिळवल्या की चाकाचा बाहेरचा व्यास ६५३.२ मि.मी. येतो. त्याला ३.१४१६ ने गुणले की घेर सुमारे २,०५२ मि.मी. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी दोन मीटरांहून थोडी जास्त पुढे जाते.

रिम बदलली तर काय होते, ते पुढील मापांवरून दिसेल :

२४५/४५ आर १७ : भिंत ११०.२५ मि.मी., बाहेरचा व्यास ६५२.३ मि.मी.
२४५/४० आर १८ : भिंत ९८ मि.मी., बाहेरचा व्यास ६५३.२ मि.मी.
२४५/३५ आर १९ : भिंत ८५.७५ मि.मी., बाहेरचा व्यास ६५४.१ मि.मी.
२४५/३० आर २० : भिंत ७३.५ मि.मी., बाहेरचा व्यास ६५५.० मि.मी.

वाचकांनी शेवटची संख्या नीट पाहावी. सतरापासून विसापर्यंत रिम वाढली, तरी चाकाचा बाहेरचा व्यास तीन मिलिमीटरसुद्धा वाढला नाही. वाढले ते धातूचे. कमी झाले ते रबर आणि त्यातली हवा. बैलगाडीचे चाक मोठे म्हणजे खरोखरच मोठे. मोटारीचे ‘मोठे चाक’ मात्र बाहेरून होते तेवढेच राहते. खड्डा ओलांडण्याची ताकद बाहेरच्या व्यासावर अवलंबून असल्यामुळे ती तसूभरही वाढत नाही. उलट खड्ड्याचा धक्का सोसणारी हवेची उशी अठरावरून विसावर जाताना एक चतुर्थांशाने पातळ होते.

बाहेरचा व्यास का वाढवत नाहीत?

मग व्यासच वाढवला तर? समजा त्या तरुणाने १९ इंची रिमवर ४० टक्के उंचीचाच टायर चढवला. व्यास ६७८.६ मि.मी. होतो, म्हणजे मूळच्यापेक्षा ३.९ टक्के जास्त. वेगमापक चाकाच्या फेऱ्या मोजतो. चाक बदलले हे त्याला कळत नाही. मूळ चाकाला तो अचूक आहे असे धरले, तर त्याचा काटा १०० वर असताना गाडी प्रत्यक्षात जवळजवळ १०४ ने धावते. एंजिनचा पीळ तोच, पण चाकाची त्रिज्या वाढली. म्हणून रस्त्यावर मिळणारी ओढ सुमारे ३.७ टक्क्यांनी घटते. ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. शिवाय पूर्ण वळण घेताना टायर आतल्या पत्र्याला घासण्याची भीती असते. चारही चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांच्या व्यासात फरक पडला, तर ओढ वाटणारी यंत्रणा सतत ताणाखाली राहून झिजते. म्हणूनच रिम वाढली की भिंत कमी करून व्यास जागच्या जागी ठेवण्याचा प्रघात पडला.

वजनाचा हिशेब

रिम मोठी झाली की बहुधा चाकाचे वजनही वाढते. समजा प्रत्येक चाक २ किलोग्रॅमने जड झाले. चार चाकांचे आठ किलो. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. पण हे वजन गाडीबरोबर पुढे जाते आणि शिवाय स्वतःभोवती फिरते. चाकाच्या कडेवर असलेल्या वस्तुमानाची पुढे जाण्याची गतिज ऊर्जा आणि फिरण्याची गतिज ऊर्जा सारखीच असते. म्हणून वेग वाढवताना कडेचा एक किलो दोन किलोंसारखा वागतो. आपले आठ किलो फार तर सोळांसारखे झाले. १,४०० किलोंच्या गाडीत हे एक टक्क्याच्या आसपास आहे. गाडी मंदावते हे खरे, पण या एकाच कारणाने फार मंदावते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

खरा तोटा दुसरीकडे आहे. मोटारीचा बहुतेक भार स्प्रिंगांच्या वर असतो. चाक, टायर आणि ब्रेक हे स्प्रिंगांच्या खाली. खालचे वजन जितके कमी, तितके चाक उंचसखल रस्त्याला चटकन चिकटून राहते. एका चाकापाशी हे वजन ४० किलो धरले, तर त्यात दोन किलोंची भर म्हणजे पाच टक्के. जड चाक उंचवट्यावर उडते आणि परत रस्त्यावर टेकायला वेळ घेते. जे चाक रस्त्याला टेकलेले नाही ते गाडीला वळवूही शकत नाही आणि थांबवूही शकत नाही.

मग मोठी रिम कशासाठी?

मोठ्या रिमचे दोन खरे फायदे आहेत. पहिला असा की तिच्या पोटात मोठ्या व्यासाचा डिस्क ब्रेक मावतो. ताशी दोनशे किलोमीटर वेगाने धावणारी गाडी वारंवार थांबवताना प्रचंड उष्णता निर्माण होते, आणि मोठी डिस्क ती अधिक चांगली पेलते. पण जुनी लहान डिस्क तशीच ठेवून नुसती रिम वाढवली, तर हा फायदा शून्य. दुसरा फायदा असा की आखूड भिंत वळणावर कमी लवते. सुकाणू फिरवताच गाडी वळते. गुळगुळीत मार्गावर वेगाने चालवणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो.

पण वेगाला मोठी रिम लागतेच, असा मात्र नियम नाही. फॉर्म्युला वन शर्यतीतील गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर धावत होत्या. १८ इंची रिम २०२२ मध्ये आली. १९५९ साली बाजारात आलेल्या ब्रिटिश ‘मिनी’ला अवघी १० इंची चाके होती, आणि त्याच जातीच्या मिनी कूपर गाड्यांनी १९६४, १९६५ व १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकली.

सर्वांत बोलके उदाहरण जागतिक रॅली स्पर्धेचे आहे. तेथे एकाच गाडीला दोन प्रकारची चाके असतात. डांबरी रस्त्यावर १८ इंची रिम आणि आखूड भिंतीचा टायर. खडीमातीच्या रस्त्यावर १५ इंची रिम आणि उंच भिंतीचा टायर. गाडी तीच, चालक तोच. चाकाचे माप रस्ता ठरवतो. पीथमपूरच्या मार्गाला जे चाक साजेल ते गौतमपुऱ्याच्या वाटेला साजणार नाही, हे यावरून उघड होते.

खड्ड्यात काय होते?

१८४५ साली रॉबर्ट थॉमसन यांनी आणि पुढे १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरची कल्पना मांडली, ती मुख्यतः धक्का सोसण्यासाठी. टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग. चाक खड्ड्याच्या धारेवर आदळले की भिंत दबते. ती उंच असेल तर दबून परत उभी राहते. आखूड असेल तर रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये रबर चिमटले जाते, आतले धागे तुटतात आणि भिंतीला फुगा येतो. रिम वाकते किंवा तडकते. रात्रीच्या वेळी, पावसाने भरलेल्या खड्ड्यात हे घडले तर नुकसान पैशांपुरते राहीलच असे नाही.

भार वाहण्याच्या ताकदीचाही विचार हवा. कमी हवेचा टायर कमी भार पेलतो. २४५/४० आर १८ या साध्या टायरचा भारांक ९३ असतो, म्हणजे ६५० किलो. २४५/३५ आर १९ या साध्या टायरचा ८९, म्हणजे ५८० किलो. दर चाकामागे ७० किलोंची घट झाली. ती भरून काढायची तर जादा भाराचा टायर घेऊन त्यात हवेचा दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की धक्का आणखी कडक बसतो.

निर्णय

निर्णय घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. एक, गाडीच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत किंवा माहितीपुस्तिकेत निर्मात्याने मान्य केलेली मापे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लावले आहे. मान्य मापांच्या आत राहिले म्हणजे विमा कंपनीशीही वाद उद्भवत नाही. दोन, रिमवरील बोल्टांचे वर्तुळ, मधले भोक आणि रिम आत-बाहेर किती बसते याचे माप. ही तिन्ही जुळली पाहिजेत. तीन, भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको. चार, आपण वर्षभर कोणत्या रस्त्यावरून जातो.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘गौतमपुरा’ असेल, तर निर्णय अवघड नाही. वीस इंची चाकाचा विचार सोडावा. एकोणीस इंची चाक निर्मात्याने मान्य केले असले, तरी या रस्त्यावर त्याचा फायदा थोडा आणि धोका जास्त. अठरा इंची आहे ते उत्तम. ब्रेक आत मावत असेल आणि माप मान्य असेल, तर सतरा इंची त्याहून शहाणपणाचे. भिंत बारा मिलिमीटरने वाढते आणि वेगमापक जवळजवळ अचूक राहतो.

वाचलेल्या पैशांत चार चांगले टायर येतात. गाडी रस्त्याला धरून ठेवते ती रिम नव्हे, रबर. एका चाकावर ४०० किलो भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला २.४ किलो दाब असेल, तर रस्त्याला टेकणारी जागा ४०० ÷ २.४ म्हणजे सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर, साधारण पसरलेल्या पंजाएवढी. रिम अठराची असो वा विसाची, ही जागा जवळजवळ तेवढीच राहते. त्या चार पंजांवर घरातली माणसे बसलेली असतात. म्हणून टायरच्या भिंतीवरील चार अंकी तारीख पाहावी. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी १.६ मि.मी. पर्यंत झिजण्याची वाट पाहू नये. हवा थंड टायरमध्ये मोजावी.

स्वाध्याय

१. आपल्या सायकलच्या किंवा स्कूटरच्या मागच्या टायरवर खडूने खूण करून चाक एक फेरा पुढे ढकला, अंतर मोजा, आणि टायरवरील मापावरून काढलेल्या घेराशी ताडून पाहा. फरक का पडतो?

२. १९५/५५ आर १६ आणि २०५/४५ आर १७ या टायरांचे बाहेरचे व्यास काढा. (उत्तर : ६२०.९ मि.मी. आणि ६१६.३ मि.मी.) दुसरे चाक बसवल्यास काटा १०० वर असताना गाडीचा खरा वेग मूळच्यापेक्षा कमी असेल की जास्त?

३. आपल्या गावाहून महाविद्यालयापर्यंतचा रस्ता आठवा. त्याला कोणते चाक योग्य, ते कारणांसह लिहा.