सर्व्हर घेण्याआधी कोअर मोज

बाळा, पतसंस्थेच्या सर्व्हरसाठी कोटेशन मागवतोयस, तर आधी माझं ऐकून घे. आपल्या माकणीत तेरणेच्या धरणाकाठी मीटर नसलेल्या शेतीपंपाची आकारणी पंप किती यावर होत नाही, हॉर्सपॉवरवर होते. सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचंही आता तसंच झालंय.

विंडोज सर्व्हर 2012चं एक लायसन्स दोन प्रोसेसरना पुरायचं, आत कोअर कितीही असोत. पण 2005पासून साध्या सर्व्हरच्याही एकेका चिपमध्ये दोन, मग चार, आठ कोअर यायला लागले आणि कंपन्यांनी माप बदललं. डेटाबेससाठीचा एसक्यूएल सर्व्हर 2012पासून कोअरवर गेला, विंडोज सर्व्हर 2016पासून.

खरी मेख आहे किमान मोजणीत. विंडोज सर्व्हरला एका प्रोसेसरचे कमीत कमी 8 आणि एका मशीनचे कमीत कमी 16 कोअर धरतात. म्हणजे 6 कोअरचा एकच प्रोसेसर असला तरी पैसे 16चे. उलट 24 कोअरचे दोन प्रोसेसर घेतलेस तर 48 कोअरचे मोजावे लागतील. दुकानदार मोठं मशीन गळ्यात मारायला बघेल. संस्थेचं काम 16 कोअरमध्ये भागत असेल तर त्याच्या पुढे जाऊ नकोस.

टास्क मॅनेजरमध्ये लॉजिकल प्रोसेसरचा आकडा दुप्पट दिसेल, तो धरू नकोस. प्रत्यक्ष मशीनवर लायसन्स घेताना खरे कोअरच मोजायचे.

आणि हे नीट लक्षात ठेव: कोअरची लायसन्सं घेतली तरी विंडोज सर्व्हर वापरणाऱ्या माणसांसाठी किंवा त्यांच्या मशीनसाठी कॅल, म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्सं, वेगळी लागतात. कोटेशनमध्ये ती हमखास राहून जातात आणि पुढे तपासणीत अंगाशी येतात. एसक्यूएलच्या स्टँडर्ड आवृत्तीला मात्र सर्व्हर आणि कॅल असा दुसरा मार्ग आहे. त्यात कोअर मोजतच नाहीत. दहा-बारा जणांच्या ऑफिसला माझ्या मते तोच परवडतो.

ऑरॅकलच्या डेटाबेसचं गणित निराळं. एंटरप्राइज आवृत्तीत इंटेलच्या कोअरला अर्ध्याने गुणतात, म्हणजे 16 कोअरला 8 लायसन्सं. स्टँडर्ड एडिशन 2मध्ये सॉकेट मोजतात. पोस्टग्रेएसक्यूएलला यातलं काहीच लागत नाही. तुमचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे बनवणाऱ्याला जरूर विचार.

सभासदांचा पैसा आहे, बाळा. कोटेशनवर प्रोसेसर, कोअर आणि कॅल यांचे आकडे वेगवेगळे लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस.