निरोप थेट द्यावा की हातोहात?

पवनारच्या शिवारात पऱ्हाटीचे एक शेत आहे, असे समजा. काळ्या मातीतील ओल मोजण्यासाठी त्यात जागोजागी छोटी यंत्रे ठेवली आहेत. प्रत्येकात एक संवेदक, एक बिनतारी प्रेषक आणि दोन लहान सेल. निरोप गोळा करणारे केंद्र धुऱ्यापलीकडे विहिरीवरच्या खोलीत, शेवटच्या यंत्रापासून १०० मीटरवर आहे. तिथे वीज आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या आयआयटीने नाशिकच्या द्राक्षबागेत अशी जाळी बसवून पाहिली होती.

सेल संपले की यंत्र मुके. ओल मोजायला वीज थोडीच लागते. महाग पडते ते बोलणे. मग निरोप थेट पाठवावा, की शेजाऱ्याच्या हाती द्यावा?

हिशेबच करू. वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी २००० सालच्या निबंधात धरलेले आकडे घेऊ. १००० बिटांचा निरोप पाठवताना ५० मायक्रोज्यूल खर्च होतात, घेतानाही ५०. शिवाय पाठवताना अंतराच्या (मीटरमधील) वर्गाची ०.१ पट इतके आणखी. म्हणजे थेट निरोपाला ५० + १००० = १०५० मायक्रोज्यूल. मध्ये एक यंत्र घेतले, तर ३०० + ५० + ३०० = ६५०. तीन समान टप्पे केले, तर सुमारे ५८३. मग दहा का करू नयेत? पाठवण्याचे ६००, घेण्याचे ४५०, पुन्हा १०५०च! (केंद्राचा खर्च धरलेला नाही.) चार टप्प्यांचा हिशेब तुम्ही करा.

पण बचत झाली तरी एक गोम आहे. विहिरीलगतच्या यंत्राकडून सगळ्यांचेच निरोप जातात. ते आधी मरते आणि मागची यंत्रे जिवंत असूनही तुटतात. म्हणून त्या तिघांनी ‘लीच’ ही पद्धत सुचवली. यंत्रांचे गट पडतात, गटातला एक म्होरक्या सर्वांची मापे घेतो, त्यांचा एकच आटोपशीर निरोप करून थेट केंद्राला पाठवतो. काही वेळाने म्होरकेपण दुसऱ्याकडे जाते. वर्गातल्या मॉनिटरसारखेच, फक्त इथे ते कोणालाच हवेसे नसते!

आणखी एक. पऱ्हाटी कमरेएवढी झाली की ओली पाने लहरी शोषतात. खर्च अंतराच्या वर्गापेक्षाही झपाट्याने वाढतो, लांबची उडी अधिकच महाग पडते. जूनमध्ये ठरवलेला मार्ग सप्टेंबरात पुन्हा तपासावा लागतो.